घरचा कागद

सोमवार, ३ मार्च

आज एकतीस लखोटे फोडले. एरवी ते माणूस गेल्यावरच फोडायचे असतात. मुख्यालयाचा हुकूम आला म्हणून सगळे एकदम, जेवणाच्या सुट्टीआधी, दोर कापायच्या सुरीनं.

रीत बदलणार आहे, तर जुनी इथे लिहून ठेवतो. आमच्या तुकडीत माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला एक कागद भरावा लागतो. त्यावर एकच प्रश्न: काही बरंवाईट झालं तर घरी सांगायला कोणी जावं? त्याखाली एकच नाव. कागद लखोट्यात जातो, लखोटा माझ्या कपाटात. ज्याचं नाव लिहिलं त्याला सांगायचं नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. आम्ही त्याला घरचा कागद म्हणतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका तुकडीत ज्याचं नाव होतं तो कधीच नोकरी सोडून गेला होता. त्याला शोधेपर्यंत घरच्यांनी बातमी टीव्हीवर ऐकली. म्हणून आता ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः सही करायची, की होय, मी जाईन. सही नसली तर तो माणूस विमानात चढणार नाही. आमची माणसं २८ तारखेला निघताहेत. कुठे, ते मला माहीत नाही.

एकतीसपैकी एकोणीस कागदांवर माझं नाव निघालं.

बावीस वर्षांत मी चार घरी जाऊन आलो आहे. शेवटचं गेल्या जुलैत, उंटाच्या आईकडे. उंट म्हणजे आमच्यातला सगळ्यांत उंच, दिवसभर पाणी न पिता चालणारा. माझ्याच हाताखाली शिकला होता.

साहेबांना म्हटलं, "हे जरा जास्त होतंय." साहेब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा चेहरा शांत आहे हो. समोरच्याला धीर येतो."

एकही सही केली नाही. सगळे कागद खणात टाकले.

बुधवार, ५ मार्च

दोरांची तपासणी. दोर किती वेळा वापरला याची नोंद प्रत्येकाच्या कार्डावर असते. ठरावीक उतरण्या झाल्या की दोर दिसायला कितीही चांगला असो, मी तो हातभर लांबीचे तुकडे करून टाकतो. म्हणजे कोणी मोहानं परत वापरत नाही. आज तीन कापले. गुडघा दुखत होता. पाच वर्षांपूर्वी उडीत मोडला, तेव्हापासून मी मोहिमेवर जात नाही. दोर, उडीच्या छत्र्या, बूट आणि कागद बघतो. पोरं मला काका म्हणतात. मी शेहेचाळीसचा आहे.

रेडिओ बॅटऱ्या घ्यायला आला होता. तो तुकडीचा संदेशवाला, तोंडाला कुलूप नाही. त्याला विचारलं, "काय रे, माझंच नाव का लिहिलंस?"

"काका, खरं सांगू? तुम्ही रडत नाही."

"आणि?"

"आणि तुम्ही सापडाल याची खात्री आहे. स्टोअरमध्ये बसून कोण मरतं?"

मागे उभे असलेले दोघे फिस्सकन हसले. मीही हसलो. त्याला दोन बॅटऱ्या जास्त दिल्या.

रविवार, ९ मार्च

मावशींकडे गेलो होतो. उंटाच्या आईला मी मावशी म्हणतो. बातमी सांगितली तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी जातो, एकही खाडा नाही. एकटं माणूस, कोणीतरी बघायला हवं. आज मोरीच्या नळाचा वॉशर बदलला. मागच्या खेपेला खिडकीची कडी बसवून दिली होती.

मावशी आता थकल्या आहेत. मी फाटकाशी आलो तेव्हा खिडकीत होत्या, तरी दार उघडायला चांगली चार-पाच मिनिटं लागली. त्यांचेही गुडघे माझ्यासारखेच असणार. दार उघडल्यावर दरवेळी विचारतात तेच विचारलं, "आज काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही मावशी, सहज आलो." मग त्या बसतात. तोवर उभ्याच. विसरायला होतं त्यांना, मी दर वेळी सहजच येतो.

चहा घेतला. फारसं बोलणं झालं नाही. त्यांच्याकडून येताना मला नेहमी हलकं वाटतं.

मंगळवार, ११ मार्च

पेन काढलं, पहिला कागद समोर ठेवला. पेन परत खिशात.

भीती कसली, ते नीट सांगता येत नाही. घरात शिरणं अवघड नसतं. बोलणंही नाही, चार वाक्यं असतात. अवघड असतं ते सांगून झाल्यावरचं एक मिनिट. समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतो, जणू पाचवं वाक्य आहे आणि ते तुम्ही चोरून ठेवलंय. एकोणीस वेळा ते मिनिट. आता एवढं माझ्यात नाही.

हिला काही सांगितलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "तुमचं लक्ष कुठे असतं हो? दोनदा विचारलं भाजी काय आणू." मी म्हटलं, "काहीही आण." ती म्हणाली, "काहीही ही भाजी बाजारात मिळत नाही." बरोबर आहे तिचं.

शुक्रवार, १४ मार्च

मुख्यालयात पाहणी होती. म्हणून सकाळपासून पूर्ण गणवेश, पदकं, टोपी. परतताना शिंप्याच्या घरावरून गाडी घेतली. शिंपी हा आमच्यातला नवा, स्वतःच्या पिशव्या नि पट्टे स्वतःच शिवतो म्हणून शिंपी. तीन दिवस सरावासाठी बाहेर आहे. जाताना माझ्या टेबलावर त्याच्या मुलीचा शाळेचा कागद विसरला होता. सहलीला पाठवण्याची परवानगी, आणि आज शेवटचा दिवस. पोरीची सहल बुडू नये म्हणून गेलो.

तीनदा बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता. पडदा हलल्यासारखा वाटला, पण दार कोणी उघडलं नाही. दुकानात गेली असेल टीव्ही चालू ठेवून. आजकालच्या मुलींना विजेची फिकीर नाही. कागद दाराखालून आत सरकवला आणि निघालो.

चौदा दिवस राहिले. सह्या शून्य.

सोमवार, १७ मार्च

शिंपी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, तुम्ही शुक्रवारी घरी गेला होता."

"हो, सहलीचा कागद द्यायला. दिला ना शाळेत?"

 मग त्यानं सांगितलं. त्याच्या बायकोनं मला खिडकीतून पाहिलं. गणवेशात, टोपी घालून, हातात कागद. ती मुलीला घेऊन स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसली. दोन तास. दार उघडलं नाही तर सांगता येणार नाही, असं तिच्या डोक्यात आलं. दाराखालून आलेल्या कागदाला तिनं हात लावला नाही. शेवटी मुलीला कंटाळा आला, तिनंच तो उचलला आणि वाचला. सहा वर्षांची आहे. म्हणाली, "आई, हा माझा सहलीचा फॉर्म आहे."

मी खाली बसलो.

इतकी वर्षं झाली आणि मला हे सुचू नये. गणवेशात, न कळवता, कोणाच्या घरी. आमच्यातल्या कोणाच्याही बायकोला त्याचा एकच अर्थ लागणार. दमलो होतो, एवढंच कारण माझ्याकडे आहे, आणि ते कारण नाही.

"तुझ्यावर रागावली का?" मी विचारलं.

"माझ्यावर नाही. काका, तुमचं नाव खोडायचं म्हणते. दुसरं कोणीही चालेल."

मी त्याला कागद काढून दिला. खरं तर एक ओझं कमी झालं, बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. मला नाकारलं याचं. हे फक्त इथे लिहितो.

बुधवार, १९ मार्च

शिंप्याच्या बायकोची माफी मागायला गेलो. आधी फोन केला, साधा शर्ट घातला. ती फाटकातच उभी राहिली. वय असेल अठ्ठावीस. हाताला साबणाचा फेस.

म्हटलं, "चूक माझी. पुन्हा होणार नाही."

"तुम्ही वाईट नाही काका. पण तुम्ही मला नकोत."

"मग कोण हवं?"

तिनं मान तिरकी करून पाहिलं. "हे मला आत्ता पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय. माझी नणंद. आमचं एक मिनिट पटत नाही. पण ती आली तर तिच्या अंगावर धावून जाता येईल, तिला वाट्टेल ते बोलता येईल. तुमच्यासमोर काय करणार? तुम्हाला पाणी विचारणार."

 ज्या चार घरी गेलो, चारही ठिकाणी मला पाणी मिळालं होतं.

मग तिनं विचारलं, "नंतर त्या घरांत जाता का कधी?"

"बाकीचे लांब गेले राहायला. एका मावशींकडे जातो. दर पंधरा दिवसांनी, न चुकता."

"त्यांनी बोलावलं होतं?"

"बोलवायचं काय त्यात."

ती हात पुसत आत गेली. येते म्हणाली नाही, या म्हणाली नाही. थोडी तुसडीच आहे.

शनिवार, २२ मार्च

झोप नाही. साहेबांनी विचारलं, "सह्या झाल्या का?" म्हटलं, "होतील." म्हणाले, "सहाच दिवस आहेत, माणसं अडकतील हो." अडकली तर बरंच, असं मनात आलं. एकोणीस जण गेले नाहीत तर एकोणीस घरं निवांत. पण मग राहिलेल्या बारांनी एकतीस जणांचं काम करायचं. त्यात कोण मागे राहतं हे मी पाहिलेलं आहे.

रविवार, २३ मार्च

मावशींकडे गेलो. फाटकाशी थांबलो आणि या खेपेस खिडकीकडे नीट पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, आणि आत गेल्या. मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं.

"आज काही सांगायचंय का?"

"नाही. विचारायचंय. मावशी, मी आलो की तुम्ही आत जाऊन काय करता?"

त्या मग पहिल्यांदाच आपणहून बसल्या, आणि मलाही बस म्हणाल्या.

"पलंगावर बसते जराशी. तू दिसलास की वाटतं, अजून काहीतरी राहिलं असेल सांगायचं. मग स्वतःला समजावते, आता कोणी उरलंच नाही, काय सांगेल? मग दार उघडते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुला कुठेतरी जायला हवं होतं ना रे. पहिल्यांदा आलास तेव्हा तुझी अवस्था बघवत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसला होतास, परीक्षेला बसल्यासारखा. मग मीच कामं राखून ठेवायला लागले. तो नळ शेजारचा प्लंबर फुकट करून देत होता. त्याला म्हटलं, राहू दे, माझा माणूस येतो रविवारी."

मी हसलो असावा. त्याही हसल्या. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुखऱ्याच.

"आता येत जाऊ नकोस. राग मानू नको. मला आता माझे रविवार हवेत."

चहा पूर्ण पिऊन निघालो. अर्धा टाकून उठलो असतो तर त्यांना लागलं असतं. की हेही मीच ठरवतोय, कोण जाणे. मला आता त्यांच्याविषयी कशाचीच खात्री नाही.

मंगळवार, २५ मार्च

साहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, "मी सही करणार नाही. आधी प्रत्येकानं घरी जाऊन विचारावं, सांगायला कोण आलेलं चालेल. ज्या घरी मी चालेन, तिथे डोळे मिटून सही करतो."

"घरी विचारलं की तारीख फुटते."

"तारीख नाही विचारायची, नाव विचारायचंय. हा कागद दर माणसाचा आहे, मोहिमेचा नाही."

"आजवर कधी असं झालेलं नाही."

"आजवर आपण आपल्याला सोयीचा माणूस लिहीत आलो साहेब. ज्याच्या समोर तो जाऊन उभा राहणार, त्याला कोणी विचारलं नाही."

साहेबांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "माझ्या बायकोनं तुम्हाला काही सांगितलं का?"

"नाही. मी त्यांना भेटलोही नाही कधी."

"गुरुवार दुपारपर्यंत," ते म्हणाले, आणि उगाचच फोन उचलला.

गुरुवार, २७ मार्च

एकोणीसपैकी बारा घरांनी माझं नाव बदललं. भाऊ, मैत्रीण, एक औषधाच्या दुकानाचा मालक, शिंप्याची ती नणंद. एका आईनं लिहिलंय, "कोणी येऊ नका, फोन करा, मी उभ्यानं ऐकेन." त्या फोनच्या कागदावर साहेबांनी सही केली, बाकीची सगळी माणसं सही करायला स्टोअरपर्यंत येऊन गेली. औषधवाल्यानं सही करून विचारलं, "यात मला काय करावं लागेल?" मी म्हटलं, "बहुतेक काहीच नाही." आणि मग त्याला ते चार वाक्यांचं समजावून सांगितलं.

सात घरांनी मला ठेवलं. त्यांत रेडिओचं घर आहे. त्याला फक्त वडील, कोर्टात टंकलेखक होते. त्यांनी टाइप करून पाठवलंय, खाडाखोड नाही:

"काका चालतील. आल्यावर बसू नये. पहिल्याच वाक्यात सांगावे. मुलाची स्तुती करू नये. पुन्हा येऊ नये."

रेडिओ म्हणाला, "म्हातारा असाच आहे, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "इतका स्पष्ट हुकूम मला बावीस वर्षांत मिळाला नाही."

सात सह्या केल्या. सरळ आल्या.

शुक्रवार, २८ मार्च

गेले. एकतीसच्या एकतीस. सगळ्यांचे दोर मी स्वतः पाहिले.

रविवार, ३० मार्च

सकाळी सवयीनं बूट घातले आणि मग आठवलं, मावशींकडे आता जायचं नाही. तसा हा त्यांच्याकडे जायचा रविवारही नव्हता. जिन्यात बसून राहिलो. ही कपड्यांची बादली घेऊन वर चालली होती.

"कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

तिनं बादली ठेवली आणि शेजारी बसली. मग मी सगळं सांगितलं. एकोणीस कागद, सहलीचा फॉर्म, मावशी. ती मधे बोलली नाही, जे तिच्या स्वभावात नाही.

शेवटी म्हणाली, "मी जायचे ना तुम्ही बाहेर असताना, तेव्हा तुमच्या कागदावर कोण होतं?"

"आधी माझा जुना साहेब. मग उंट."

"उंट? देवा. तो दारातच विनोद करत बसला असता."

दोघंही हसलो. मग मी विचारलं, "मी जायचे म्हणजे? तू कुठे जायचीस?"

"घराबाहेर. तुम्ही गेलात की मी दिवसभर घरात थांबायचेच नाही. बाजार, वाचनालय, बहिणीकडे, नाहीतर नुसतीच बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत. घरात नसले तर सांगणार कोणाला?"

सोळा वर्षं मी बाहेरून फोन करायचो, आणि फोन कोणी उचलायचं नाही. तुझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून मी चारचौघांत तिची टिंगल करायचो. तीही हसायची.

बादली मी वर नेली. गुडघ्यासकट.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी साडेसात वाजता साहेबांचा फोन. नाव सांगायच्या आधी ते थांबले. मी विचारलं, "सातांतला का?" म्हणाले, "हो." रेडिओ.

बाकी तीस जण परततायत. दोघे जखमी, पण चालतायत.

साध्या शर्टात गेलो. वडील दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी दार लगेच उघडलं. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसरं वाक्य कधी, तिसरं कुठे ते कळवता येणार नाही, चौथं पुढे काय. स्तुती केली नाही. तोंडापर्यंत आली होती.

ते ऐकत होते. मग ते मिनिट आलं. मी नजर खाली घातली नाही. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, म्हणाले, "ठीक. आभारी आहे," आणि दार लावलं. पाणी विचारलं नाही.

खाली येऊन समोरच्या फुटपाथवर थांबलो. वर आतून टाइपरायटरचा आवाज येत होता. सावकाश, एका बोटानं टाइप केल्यासारखा. थांबायचा, परत सुरू व्हायचा. बराच वेळ ऐकला. इतका वेळ थांबायला नको होतं, पण थांबून ऐकू नये असं त्यांनी लिहिलेलं नाही.

पुन्हा जायचं नाही. येत्या रविवारी नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. इथे लिहून ठेवतो.